यूएसबी कंडेन्सर घ्यावा की एक्सएलआर?

माझ्या पहिल्या कंडेन्सर माइकसोबत (म्हणजे बारीकसा आवाजही टिपणारा, विजेवर चालणारा माइक) एक केबल आली होती. एका टोकाला एक्सएलआर, म्हणजे स्टुडिओतली तीन पिनांची गोल जोडणी, दुसऱ्या टोकाला हेडफोनसारखी ३.५ मिमीची पिन. ती लॅपटॉपमध्ये खुपसली, तर आवाज विहिरीच्या तळातून यावा तसा, आणि वर अखंड सूंऽऽ. माइक बिघडलेला नव्हता, उपाशी होता. स्टुडिओ कंडेन्सरला सहसा ४८ व्होल्टची फॅन्टम पॉवर, म्हणजे माइकच्या केबलमधूनच येणारी वीज, लागते. लॅपटॉपच्या त्या भोकातून जेमतेम दोन-पाच व्होल्ट मिळतात. ती केबल दिसली की पुढे जा.

मग उरतात दोन रस्ते. यूएसबी माइकच्या पोटातच आवाज वाढवणारा प्रीअ‍ॅम्प आणि डिजिटल रूपांतर करणारी चिप असते. एक वायर लावली की काम सुरू. एक्सएलआर माइकला मात्र हेच काम बाहेरून करणारा डबा, म्हणजे ऑडिओ इंटरफेस हवा, आणि त्या डब्यावर ‘४८ व्ही’चं बटण आहे ना, हे आधी बघा.

एक्सएलआर म्हणजे आपोआप चांगला आवाज, हे मला पटत नाही. ऑडिओ-टेक्निकाचा एटी २०२० दोन्ही प्रकारांत मिळतो. रोडच्या पाचव्या पिढीच्या एनटी १ ला तर एकाच अंगाला दोन्ही जोडण्या आहेत. ज्याचं ठरत नाही, त्याने सरळ असा माइक पाहावा. आवाजात फरक पडतो तो माइकच्या स्वतःच्या सुसकाऱ्याने, म्हणजे सेल्फ-नॉइजने. एटी २०२० चा आकडा २० डेसिबल, एनटी १ चा ४. मोठ्याने गाणाऱ्याला हे जाणवणारही नाही. हळू आवाजात कथा वाचणाऱ्याला जाणवेल.

खरी अडचण येते दुसरा माणूस समोर बसला की. दोन यूएसबी माइक एकाच संगणकावर एकत्र चालवणं म्हणजे डोकेदुखी. मॅकवर ‘अ‍ॅग्रिगेट डिव्हाइस’ करून, म्हणजे दोन्ही माइक एकच उपकरण म्हणून जोडून, जमतं, पण कटकट आहेच. दोन माइकच्या इंटरफेसला दोन केबल लावल्या की विषय संपला. शिवाय उद्या माइक बदलला तरी इंटरफेस तोच राहतो. यूएसबीत चिप बिघडली की सगळाच माइक गेला.

म्हणून एकट्याने निवेदन किंवा पॉडकास्ट करायचं असेल, तर यूएसबी घ्या, फक्त हेडफोनचं भोक माइकलाच असलेला. नाहीतर स्वतःचा आवाज क्षणभर उशिरा कानात येतो आणि जीभ अडखळते. गाणं, वाद्य किंवा दोघांच्या गप्पा असतील तर एक्सएलआर.

एक्सएलआर माइक जोडताना गेन, म्हणजे आवाज किती वाढवायचा ते बटण, शून्यावर ठेवा, आधी केबल लावा, मग ४८ व्होल्ट चालू करा. काढताना उलट. स्पीकर बंद, हेडफोन कानात. मग तुम्ही जितक्या जोरात बोलणार तितक्याच जोरात बोलून, सर्वांत मोठा आवाज रेकॉर्डिंगच्या मीटरवर उणे १२ डेसिबलच्या आसपास राहील इतका गेन वाढवा. आणि माइकच्या टोकात बोलू नका! असे बहुतेक माइक बाजूने ऐकतात. मी पहिला आठवडा आइस्क्रीमच्या कोनासारखा धरून टोकातच गायलो होतो.

खोलीतला पंखा बंद करता येत नसेल, खिडकीबाहेर रहदारी असेल, तर दोन्ही कंडेन्सर बाजूला ठेवा. डायनॅमिक माइक, म्हणजे लांबचे आवाज कमी टिपणारा प्रकार, घ्या आणि तोंडापासून चार बोटांवर ठेवून बोला.