आठ महिने डॉक्युमेंटरी आणि मॉक्युमेंटरी: वापरून झाल्यावर

गेल्या दिवाळीत एका ॲपचा वर्षाचा प्लॅन घेतला तो क्रिकेटसाठी. महिन्याभरात क्रिकेट दुसरीकडे गेलं. पैसे भरलेत तर वसूल करू म्हणून रोज जेवणानंतर एक डॉक्युमेंटरी लावायची सवय लागली. बाबांनी पहिल्याच दिवशी मान हलवली. त्यांच्या लेखी डॉक्युमेंटरी म्हणजे फिल्म्स डिव्हिजन, आणि फिल्म्स डिव्हिजन म्हणजे मेन पिक्चर सुरू व्हायच्या आधी बाहेरून शेंगदाणे आणायची वेळ.

सुरुवातीचे दोन महिने वाया गेले. ॲप पुढे करेल ते बघत गेलो, आणि ॲप खून पुढे करतं. दीड तासाचा ऐवज, त्याचे आठ भाग. पाणी घालून वाढवलेली आमटी. तेच ड्रोनमधून दिसणारं गाव, तोच जिना चढणारा सावलीतला माणूस. पाचव्या भागापर्यंत खुनी कोण यापेक्षा हे संपतंय कधी याचीच उत्सुकता जास्त.

मग 'सुपरमेन ऑफ मालेगाव' सापडली. आम्ही नाशिकचे, मालेगाव शंभरेक किलोमीटरवर, तरी ही बघितली नव्हती याची लाज वाटली. फैजा अहमद खान यांनी केलीय. यंत्रमागांच्या गावात नासिर शेख आपल्या मंडळींना घेऊन गावठी सुपरमॅनचा पिक्चर बनवतायत. सुपरमॅन म्हणजे शफीक, मागावर काम करणारा, अंगानं काडी. त्याला उडवायचं कसं? ट्रकला हिरवं कापड लावायचं, म्हणजे मागे आकाश नंतर चिकटवता येतं, आणि त्याला समोर आडवा धरायचा. एकदा तर एकुलता एक कॅमेराच पाण्यात पडतो. इथे आई टेकून बसली होती ती सरळ झाली. "अगं बाई, आता?" हे कुणी लिहून दिलेलं नाही, आणि पुढे काय होणार हे दिग्दर्शिकेलाही माहीत नसणार, म्हणून जीव टांगणीला लागतो. शफीक पुढे कॅन्सरने गेला. ते कळल्यावर त्या उडण्याकडे नीट बघवत नाही.

तिथून मला एक नाद लागला. माणूस बोलून थांबतो आणि कॅमेरा मात्र चालूच राहतो, ते दोन-तीन सेकंद बघायचे. तेवढ्यात तो खरा दिसतो. मॉक्युमेंटरी, म्हणजे खरी असल्याचा आव आणणारी खोटी डॉक्युमेंटरी, तीसुद्धा याच सेकंदांवर जगते. १९८४ च्या 'धिस इज स्पायनल टॅप'मध्ये गिटारवाला आपला ॲम्प्लिफायर कौतुकानं दाखवतो: सगळ्यांचा आवाज दहापर्यंत, याचा अकरापर्यंत. समोरचा विचारतो, मग दहालाच जास्त मोठा का नाही केला? तो थांबतो. चेहऱ्यावर काहीतरी येतं आणि जातं. मग पुन्हा तेच, की हा अकरापर्यंत जातो. विनोद वाक्यात कमी आणि त्या थांबण्यात जास्त. बाबांनी विचारलं, "हे अजून गातात का?" काय सांगणार! बँड खोटा, पण त्या नटांनी नंतर त्याच नावानं खरोखरचे कार्यक्रम केले.

आपल्याकडे 'वळू' (२००८) पुन्हा लावून बघा. ती मॉक्युमेंटरी नाही. पण फॉरेस्ट ऑफिसरचा भाऊ कॅमेरा घेऊन गावात येतो आणि त्या डुरक्या वळूपेक्षा गाव त्या कॅमेऱ्याकडेच जास्त बघायला लागतं.

मॉक्युमेंटरी फसते ती डोळा मारायला लागली की. १९५७ च्या १ एप्रिलला बीबीसीने स्वित्झर्लंडमध्ये झाडावरून स्पॅगेटी तोडताना दाखवली. निवेदन रिचर्ड डिम्बलबींचं, बातम्यांत असायचा तोच भारदस्त आवाज. लोकांनी फोन करून विचारलं, झाड लावायचं कसं? तो आवाज जरा जरी हसला असता तरी सगळं फुकट. आणि खऱ्या डॉक्युमेंटरींनीही फार टेंभा मिरवू नये. १९२२ च्या 'नॅनुक ऑफ द नॉर्थ'मधलं बर्फाचं घर आत उजेड यावा म्हणून अर्धंच बांधलेलं होतं.

'जय भीम कॉम्रेड'ला मात्र मजा हा शब्द चालणार नाही. १९९७ मध्ये घाटकोपरच्या रमाबाई नगरात पोलिसांनी गोळीबार केला, दहा माणसं गेली. त्यानंतर शाहीर विलास घोगरेंनी जीव दिला. आनंद पटवर्धन तिथून पुढे चौदा वर्षं शूट करत राहिले. तीन तासांच्या वर आहे, मी पाणी प्यायलाही उठलो नाही. गाणाऱ्या माणसावर कॅमेरा घाई न करता थांबतो, एवढंच.

तक्रारी: वर सांगितलेल्यांपैकी अर्ध्या त्या ॲपवर नव्हत्याच, इकडून तिकडून शोधाव्या लागल्या. मराठी सबटायटल जवळजवळ नाहीच. डबिंग लावू नका, मूळ आवाज गेला की निम्मा माणूस गेला.

आईची आवडती विचाराल तर वेलिंग्टनमध्ये एका घरात राहणाऱ्या व्हॅम्पायरांची, 'व्हॉट वी डू इन द शॅडोज'. त्यात एकानं पाच वर्षं भांडी घासलेली नसतात म्हणून बाकीचे रीतसर मीटिंग घेतात. रक्ताचं तिला काही वाटलं नाही. माझ्याकडे बघून म्हणाली, "मीटिंग घ्यायला हवी खरी."