प्रोपेन गळतीची शंका आणि मोॲबची फिरती आरव्ही दुरुस्ती सेवा

गेल्या ऑक्टोबरमध्ये अमेरिकेच्या युटा राज्यातील मोॲबजवळच्या एका कॅम्पग्राउंडवर आमच्या, पिकअपमागे ओढायच्या राहत्या ट्रेलरमधला गॅस अलार्म पहाटे पावणेतीन वाजता वाजू लागला. उजाडल्यावर आरव्ही, म्हणजे अशी राहती वाहने, जागेवर येऊन दुरुस्त करणाऱ्या ज्या फिरत्या तंत्रज्ञाला आम्ही बोलावले, त्याच्या कामाविषयीचा हा अभिप्राय आहे. आरव्ही भाड्याने घेऊन किंवा विकत घेऊन आर्चेस आणि कॅन्यनलँड्स या राष्ट्रीय उद्यानांकडे जाणारी मराठी कुटुंबे आता बरीच दिसतात, म्हणून थोडे सविस्तर लिहीत आहे.

आमचा ट्रेलर 2017 साली बनलेला असून आम्ही तो जुना विकत घेतला आहे. अलार्म वाजला तेव्हा मला आणि पत्नीला अगदी पुसट वास आला, माझ्या वडिलांना मात्र काहीच जाणवले नाही. ट्रेलरमधली शेगडी आणि हीटर ज्यावर चालतात त्या प्रोपेन गॅसला स्वतःचा वास नसतो. कुजक्या अंड्यासारखा वास यावा म्हणून त्यात मर्कॅप्टन नावाचे उग्र वासाचे रसायन मिसळलेले असते. पण वयानुसार घ्राणशक्ती कमी होते आणि त्याच हवेत काही वेळ राहिल्यावर तरुण माणसाचेही नाक त्या वासाला सरावते, म्हणून वास येत नाही एवढ्यावरून गॅस नाही असे धरून चालत नाही. आम्ही दिव्याचे एकही बटण न दाबता मुलाला उचलून बाहेर आलो, दार उघडे ठेवले, ट्रेलरच्या पुढच्या दांडीवरच्या दोन्ही सिलिंडरच्या झडपा बंद केल्या आणि पुरेसे दूर गेल्यावरच 911 या आपत्कालीन क्रमांकाला फोन केला. अग्निशमन दलाच्या जवानांनी आत हवा खेळती करून यंत्राने तपासणी केली, गॅस उरला नसल्याचे सांगितले आणि दुरुस्ती होईपर्यंत सिलिंडर उघडू नका, अशी ताकीद दिली. उरलेली रात्र आम्ही पिकअपमध्ये काढली.

सकाळी प्रथम मी ज्या विक्रेत्याकडून ट्रेलर घेतला होता त्याला फोन केला. अलार्म जुना झाला की असाच वाजतो, नवा बसवा म्हणजे झाले, असे त्याने न पाहताच सांगितले. हे उत्तर मला आजही खटकते, कारण ते अर्धे खरे होते. हे अलार्म साधारण पाच ते सात वर्षांत निकामी होतात आणि मुदत संपल्याची सूचना म्हणून थांबून थांबून टिकटिकतात. बॅटरी उतरल्यावर किंवा जवळपास केसांचा स्प्रे मारल्यावरही ते वाजू शकतात. आमच्या अलार्मची मुदत खरोखरच संपलेली होती. तरीही गॅस गळत होता.

फिरत्या तंत्रज्ञाने फोनवर पहिला प्रश्न विचारला तो सगळे बाहेर आहेत का आणि सिलिंडर बंद आहेत का, हा. पैशांची गोष्ट त्यानंतर निघाली. प्रत्यक्ष आल्यावरही त्याने नाकावर किंवा अंदाजावर भिस्त ठेवली नाही. शेगडीच्या बर्नरपाशी त्याने गॅसचा दाब मोजणारा मॅनोमीटर जोडला, रेग्युलेटरमधून येणारा दाब पाण्याच्या स्तंभाच्या मापाने (तो पाण्याचा स्तंभ किती इंच उचलतो त्यावरून) 11 इंच, म्हणजे जेवढा हवा तेवढा, असल्याचे मला दाखवले आणि मग सगळी उपकरणे व सिलिंडर बंद करून, दाब 8 इंचांवर आणून घड्याळ लावले. दोन मिनिटांच्या आत आकडा 6 च्या खाली गेला. गळती आहे, हे तेव्हा निश्चित झाले. ती कुठे आहे हे शोधण्यासाठी त्याने एकेका जोडावर साबणाचे द्रावण लावले. ते अमोनियारहित असावे लागते, कारण अमोनियाने पितळ आणि तांबे खराब होते. ओव्हनच्या मागे, तांब्याच्या नळीचे टोक रुंदावून पितळी नटने आवळलेल्या फ्लेअर जोडावर बारीक बुडबुडे येऊ लागले. रस्त्याच्या हादऱ्यांनी नळीच्या रुंदावलेल्या कडेला चीर गेली होती.

नट आणखी आवळून किंवा टेप गुंडाळून वेळ मारून नेणे त्याला सहज शक्य होते. त्याऐवजी त्याने नळीचा तेवढा भाग कापला, नवी कड तयार केली आणि टेप न लावताच जोड बसवला, कारण तिथे धातूवर धातू घट्ट बसूनच गॅस थांबतो. नंतर दाबाची तीच चाचणी पुन्हा घेतली. या वेळी पाच मिनिटांत आकडा हलला नाही. अलार्म त्याने त्यानंतरच बदलला आणि नवा अलार्मही जमिनीलगतच बसवला, कारण प्रोपेन हवेच्या सुमारे दीडपट जड असल्यामुळे खाली साचतो.

घरी आई रात्री निजण्यापूर्वी सिलिंडरचा रेग्युलेटर न चुकता बंद करायची. ट्रेलरमध्ये ती सवय थंडीच्या दिवसांत पाळता येत नाही, कारण हीटर रात्रभर त्याच गॅसवर चालतो. झोपेत असतानाही नळीत दाब असतो, म्हणून जोडांची वर्षातून एकदा मापून तपासणी होणे मला आता अत्यावश्यक वाटते. आम्ही ती आधी करून घेतली नव्हती, ही चूक माझी आहे.

पहिल्या तासासह भेटीचे 175 डॉलर, पुढच्या दीड तासाचे 180 आणि अलार्मचे 95, असे एकूण 450 डॉलर झाले. रक्कम लहान नाही, पण ट्रेलर कुठेही ओढून न्यावा लागला नाही आणि प्रत्येक आकडा मला पाहता आला, हे लक्षात घेता ती मला वाजवी वाटली.

दोन तक्रारी आहेत. नऊची वेळ देऊन तो पावणेअकराला आला आणि उशीर होईल असा निरोपही दिला नाही. थंडीत रात्र बाहेर काढलेल्या वृद्ध माणसासाठी तो वेळ फार होता. दुसरे म्हणजे पावतीवर केवळ गळती दुरुस्त केली एवढेच लिहिलेले होते. चाचणीचे आकडे लिहून द्या, असे मी म्हटल्यावर त्याने ते लगेच हाताने लिहून सही केली, परंतु ते न मागता मिळायला हवे होते. वसंतात निघण्यापूर्वीच्या वार्षिक तपासणीसाठी मी याच तंत्रज्ञाची वेळ घेतली आहे, आणि या वेळी आकडे पावतीवर हवेत हे आधीच सांगून ठेवले आहे.