श्वासचाचणी उत्तम, पण पावतीवर कार्बनचा आकडा घाला

इंदूरात पलासियाजवळच्या एका लॅबमध्ये गेल्या महिन्यात मी आणि माझी अकरा वर्षांची भाची, दोघींनी एच. पायलोरी या पोटातल्या जंतूसाठीची श्वासचाचणी करून घेतली. माझं पोट सहा महिने बिघडलेलं. पोह्यांवर जिरावण भुरभुरलं की रात्रभर जळजळ. भाचीचं पोट वरचेवर दुखायचं. डॉक्टरांनी दोघींना एकच चाचणी लिहून दिली, फक्त माझ्या चिठ्ठीवर सी-१४, म्हणजे कार्बन-१४ होतं आणि तिच्या चिठ्ठीवर सी-१३, म्हणजे कार्बन-१३.

काउंटरवर मात्र दोघींना एकच माहितीपत्रक मिळालं आणि वर ठळक अक्षरांत मथळा होता, ‘रेडिओकार्बन श्वासचाचणी’. वहिनीने ‘रेडिओ’ वाचलं आणि लेकीचा हात धरून उठलीच. काउंटरवरची मुलगी म्हणाली, ‘‘कार्बन तो कार्बन होता है, आंटी.’’

मी बावीस वर्षं शाळेत रसायनशास्त्र शिकवते, त्यामुळे हे वाक्य मला सोडवेना. रेडिओकार्बन म्हणजे फक्त कार्बन-१४. त्याच्या केंद्रकात ६ प्रोटॉन आणि ८ न्यूट्रॉन असतात, तो अस्थिर असतो, हळूहळू बीटा किरण सोडत नायट्रोजन होतो आणि त्याचा अर्धायुकाल सुमारे ५७३० वर्षं आहे. कार्बन-१३ मध्ये एक न्यूट्रॉन कमी आणि तो पूर्ण स्थिर. किरण नाहीत, काही नाही. आपण खातो त्या पोळीतल्या कार्बनपैकीही साधारण १.१ टक्का कार्बन-१३च असतो. त्याला रेडिओकार्बन म्हणणं ही साधी चूक नाही, कारण त्या एका शब्दापायी एक आई मुलीची तपासणी न करताच घरी निघाली होती. लहान मुलांना आणि गरोदर बायकांना सी-१४ टाळून सी-१३ देतात, म्हणजे जिला घाबरायचं काही कारणच नव्हतं नेमकी तीच घाबरली.

आतून तंत्रज्ञ आला. तरुण मुलगा, माझं बोलणं ऐकून म्हणाला, ‘‘काकू, तुम्ही मराठी का? बसा, मी सांगतो.’’ आणि त्याने वहिनीला सगळं नीट सांगितलं. हा जंतू पोटातल्या आम्लात तग धरण्यासाठी युरिएज नावाचं विकर बनवतो आणि त्याने युरियाचे अमोनिया व कार्बन डायऑक्साइड असे तुकडे करतो. आपल्या पेशी हे विकर बनवत नाहीत. म्हणून खूण केलेल्या कार्बनचा युरिया गिळायचा. जंतू असेल तर तोच खुणेचा कार्बन रक्तातून फुप्फुसात आणि तिथून श्वासात येतो. इतकी सुरेख कल्पना मी वर्गात आजवर सांगितली नव्हती याची मला हळहळ वाटली. आमच्या मुलांना कार्बन-१४ म्हटलं की फक्त जुन्या हाडांचं वय आठवतं. तिथे निसर्गातून आलेल्यातलं किती उरलं ते मोजतात, इथे दहा मिनिटांपूर्वी गिळलेलं किती परत आलं ते.

माझी चाचणी झटपट झाली. उपाशीपोटी एक कॅप्सूल, वर थोडं पाणी, दहा मिनिटं थांबायचं आणि मग एका कार्डात फुंकायचं. कार्डावरच्या खिडकीतला नारिंगी रंग पिवळा होईपर्यंत फुंकत राहायचं. माझा दम दोनदा तुटला, पण मुलगा घाई न करता उभा राहिला. किरणांचं म्हणाल, तर त्या कॅप्सूलमधून मिळणारी मात्रा आपल्याला एरवी निसर्गातून एका दिवसात मिळते त्याहून कमी.

भाचीला दोन पिशव्या फुगवाव्या लागल्या, एक आधी आणि दुसरी आंबटसर पाण्यातून युरिया प्यायल्यावर अर्ध्या तासाने. ‘‘आत्याला एकदाच, मला दोनदा का?’’ हा तिचा प्रश्न मला फार आवडला. कार्बन-१३ श्वासात मुळातच असतो, म्हणून आधीचं प्रमाण माहीत असल्याशिवाय वाढ कळत नाही. कार्बन-१४ निसर्गात लाख कोटी अणूंमागे जेमतेम एखादा, त्यामुळे आधीची फुंकर लागत नाही.

बाकी व्यवस्था चोख आहे. सांगितले तेवढेच पैसे घेतले. चाचणी ठरवतानाच फोनवर विचारलं की पँटोप्राझोलसारख्या आम्ल कमी करणाऱ्या गोळ्या दोन आठवडे आणि अँटिबायोटिक चार आठवडे बंद आहेत ना. हे विचारलं नाही तर जंतू असूनही अहवाल निर्दोष येऊ शकतो. माझा अहवाल त्याच संध्याकाळी आला, भाचीचा तीन दिवसांनी, कारण तिच्या पिशव्या बाहेर पाठवतात. मला जंतू निघाला, तिला नाही.

पण पावतीवर दोघींच्या नावापुढे नुसतं ‘श्वासचाचणी’ छापलेलं होतं. मी मागितल्यावर त्या मुलाने पेनाने एकीवर १४ आणि दुसरीवर १३ लिहून सही केली. हे मागावं लागू नये. मथळ्यातला ‘रेडिओ’ही सी-१३च्या पत्रकावरून काढायला हवा. मी व्यवस्थापकांना लेखी देऊन आले आहे, योग्य मजकूरही सोबत जोडला आहे.

औषधं संपल्यावर चार आठवड्यांनी मला पुन्हा फुंकायला जायचं आहे. जाईन त्याच लॅबमध्ये, आणि आधी पत्रक मागून घेईन.