खणाच्या तुकड्यांनी सावरलेली पर्स : एका शिवणकाम दुकानाचा अनुभव

पुण्याच्या पेठांत ब्लाउज शिवणाऱ्या दुकानांना तोटा नाही. त्यांपैकी एका लहानशा दुकानात कपडे बेतताना उरलेल्या कापडातून जुन्या पर्स, चष्म्याची घरे आणि कंगव्याचे खिसे नव्याने मढवून मिळतात, असे कळल्यावर मी तेथे एक पर्स, आईचे चष्म्याचे घर आणि एक हेअरबँड घेऊन गेले.

पर्स पाच वर्षांची होती आणि तिच्या रेक्झिनचे काळे पापुद्रे आतल्या रुमालावरही चिकटत होते. कृत्रिम चामड्याच्या अशा बहुतेक वस्तूंत कापडावर प्लास्टिकचा पातळ थर चढवलेला असतो. तो पॉलियुरेथेनचा असेल तर हवेतील दमटपणाने हळूहळू खराब होतो, त्यामुळे पर्स न वापरता कपाटात ठेवली तरी सोलवटते. म्हणूनच दुकानातील ताईंनी प्रथम सैल झालेला सारा थर बोथट सुरीने खरवडून काढला. पापुद्र्यांवरच कापड डकवले असते, तर चार दिवसांत तेही त्यांच्यासोबत निघून आले असते. त्यानंतर त्यांनी खणाच्या तुकड्यांना मागून बकरम, म्हणजे ताठपणासाठीचे कडक कापड, लावले, तुकडे जोडून दर्शनी बाजू मढवली आणि कडेला उरेब पट्टीचे पायपिंग फिरवले. पट्टी तिरकी कापलेली असल्याने पर्सच्या गोल कोपऱ्यांवर एकही चुणी पडली नाही. हे काम मला सर्वांत आवडले.

रंगसंगतीत मात्र आपल्याला फारशी निवड नसते. खण मुळातच चोळीपुरता बेताचा असतो, त्यामुळे बाह्या आणि बगला कापून उरतात त्या जेमतेम चार बोटे रुंदीच्या पट्ट्या, आणि त्या आठवड्यात जे ब्लाउज शिवले गेले असतील त्यांचेच रंग हाती लागतात. माझ्या वाट्याला जांभळा आणि मोरपंखी आला, तक्रार नाही.

तक्रार आहे ती पर्सच्या बंदांविषयी. हौसेने तेही खणाचेच करून घेतले, पण जेथे हाताची पकड असते तेथे दोन महिन्यांतच धागे सुटू लागले आणि पहिल्याच पावसात जांभळा रंग माझ्या पांढऱ्या कुडत्याच्या खांद्यावर उतरला. रोज घासल्या जाणाऱ्या भागाला हे कापड चालत नाही आणि शिवण्याआधी तुकडे पाण्यात बुडवून रंग जातो का ते पाहायला हवे होते, हे दुकानाने आधीच सांगायला हवे होते. परत गेले तेव्हा त्यांनी वाद न घालता बंद उसवून जुन्या जीन्सच्या कापडाचे शिवून दिले, तेही पैसे न घेता. कुडत्याचा डाग मात्र गेलेला नाही.

चष्म्याच्या घराला आतून जुन्या सुती साडीचा मऊ तुकडा लावला आहे, त्यामुळे काचांवर ओरखडे उठत नाहीत. आई खूश आहे. तिन्ही वस्तूंना मिळून साडेतीनशे रुपये सांगितले होते, पण हेअरबँड ताईंनी हातात घेऊन वाकवून पाहिला आणि आतली पट्टीच तडकली आहे, मढवून उपयोग नाही, असे सांगून परत दिला व पन्नास रुपये कमी केले. काम सांगितलेल्या दिवसापेक्षा आठवडाभर उशिरा मिळाले, लग्नसराईत तर त्याहून अधिक थांबावे लागेल.