दादरचे सीडीवाले काका: जुना पिक्चर पूर्ण बघायचा असेल तर इथेच जा

जुने पिक्चर आता सगळे यूट्यूबवर मिळतात असं मला रोज कोणीतरी सांगतं. मिळतात, पण किती मिळतात ते कोणी बघत नाही. सव्वादोन तासांचा पिक्चर पावणेदोन तासात संपतो, मधली दोन गाणी गायब, कोपऱ्यात कुठल्यातरी कंपनीचा लोगो, आणि चौकोनी फ्रेम रुंद टीव्हीसाठी ताणलेली त्यामुळे सगळी माणसं जाडी दिसतात. माझी आई अशी एक अपलोड केलेली प्रिंट बघताना मध्येच म्हणाली अगं इथे लावणी होती, कुठे गेली, आणि तिचं बरोबरच होतं. तर ज्यांना पिक्चर पूर्ण बघायचाय, जसा थेटरात लागला होता तसा, त्यांच्यासाठी हा रिव्ह्यू आहे आणि मी मनापासून लिहितेय कारण असं दुकान मुंबईत मला दुसरं माहीत नाही.

दुकान दादर पश्चिमेला, रानडे रोडवरून आत गेलेल्या एका गल्लीत. पाटी नाहीये. पुढच्या बाजूला मोबाईलची कव्हरं आणि टेम्पर्ड ग्लासवाला बसतो, त्याच्या मागच्या अर्ध्या गाळ्यात काका. गल्लीत कोणालाही सीडीवाले काका विचारा, बोट दाखवतील. आत दोन माणसं उभी राहिली की तिसऱ्याने बाहेर थांबायचं एवढीच जागा, आणि तीन भिंतींना छतापर्यंत रॅक.

रॅकची मांडणी बघूनच मी खूश झाले कारण एबीसीडीप्रमाणे नाही, माणसांप्रमाणे आहे. प्रभात फिल्म कंपनीचा एक कप्पा, शेजारी राजा परांजपे, खाली अनंत माने, मग दादा कोंडके, जब्बार पटेल, आणि हिंदीत एनएफडीसी या सरकारी फिल्म कंपनीने सिनेमाज ऑफ इंडिया नावाने काढलेल्या डीव्हीडी वेगळ्या ठेवलेल्या. व्हीएचएस टेपा मागे, प्लास्टिकच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसोबत, कारण मुंबईच्या पावसाळ्यात टेपेवर पांढरी बुरशी धरते आणि तशी टेप व्हीसीआरमध्ये घातली की हेडही खराब होतं आणि त्याच्यानंतर लावलेली टेपही. बुरशी आलेली टेप काका विकत तर नाहीतच, दुकानात हातातसुद्धा घेत नाहीत, बाहेरच ठेवायला सांगतात.

आता मुख्य गोष्ट. प्रत्येक बॉक्समध्ये पेन्सिलने लिहिलेली एक चिठ्ठी असते. मी पहिल्यांदा उघडला त्या बॉक्सवर छापलं होतं 'संपूर्ण चित्रपट' आणि आत काकांची चिठ्ठी, '128 मि., दोन लावण्या नाहीत, इंटरव्हलनंतर मोठी उडी'. म्हणजे विकणारा माणूस स्वतःच सांगतोय की हा माल अर्धवट आहे! मी विचारलं काका तुम्हाला कसं कळतं किती कापलंय, तुमच्याकडे काय ओरिजिनल प्रिंट आहे का. ते म्हणाले, "ताई, सर्टिफिकेट बघा ना, सगळं लिहिलेलं असतं त्यात."

आणि मग त्यांनी जे समजावलं ते मी इथे नीट लिहिते कारण घरबसल्या कोणालाही करता येईल. पिक्चरच्या सुरुवातीला सेन्सॉरचं सर्टिफिकेट येतं ना, आपण तेवढ्यात पाणी आणायला उठतो, त्यावर पिक्चरची लांबी मीटरमध्ये आणि रिळांची संख्या लिहिलेली असते. 35 एमएमची फिल्म सेकंदाला 24 फ्रेमने चालते, म्हणजे मिनिटाला साधारण 27.4 मीटर. समजा सर्टिफिकेटवर 4000 मीटर आहे, तर थेटरात तो पिक्चर झाला 146 मिनिटांचा. पण आपल्याकडच्या बऱ्याच व्हीसीडी-डीव्हीडी पाल या टीव्ही सिस्टीमच्या, त्यात सेकंदाला 25 फ्रेम, त्यामुळे एक फ्रेमही न कापता पिक्चर चार टक्क्यांनी लवकर संपतो, 146 चे होतात 140. ही सहा मिनिटं कुठेही गेलेली नाहीत, पिक्चर फक्त जरा भरभर चालतोय आणि गाण्याची पट्टीही किंचित वर गेलीय. पण डिस्क जर 128 मिनिटांची निघाली तर मग बारा मिनिटं कोणीतरी खरंच उडवली आहेत. जुनी सर्टिफिकेटं फुटात असतात, तेव्हा मिनिटाला 90 फूट धरायचे. काकांकडे एक छोटा कॅल्क्युलेटर टीव्हीच्या वर ठेवलेलाच असतो. मी घरी येऊन माझ्याकडच्या सगळ्या डिस्कवर हा हिशोब केला आणि कपाटातली कुठली प्रिंट ठेवायची, कुठली बदलायची ते मला पहिल्यांदा कळलं.

उड्या का येतात तेही सांगितलं. प्रत्येक रिळाचं सुरुवातीचं आणि शेवटचं टोक प्रोजेक्टरवर चढवताना-उतरवताना झिजतं, तुटतं, मग ऑपरेटर तो तुकडा कापून जोड मारतो. हजार फुटांचं रीळ अकरा मिनिटं चालतं, म्हणून दर दहा-अकरा मिनिटांनी एखादं वाक्य अर्धवट राहिलं तर ती थेटरची झीज समजायची. अख्खं गाणंच नाहीये तर ते मात्र पिक्चर व्हीसीडीत बसवायला मुद्दाम कापलेलं असू शकतं, कारण एका व्हीसीडीत 74 ते 80 मिनिटंच बसतात आणि तिसरी डिस्क घालायची म्हणजे खर्च वाढतो.

दुसरी एक गोष्ट जी मला ऑनलाइन कुठेही कोणी विचारली नव्हती. मी प्रभातचा 1939 चा 'माणूस' मागितला, तर पहिला प्रश्न, "मराठीच हवाय ना? का 'आदमी' चालेल?" व्ही. शांतारामांनी तो दोन्ही भाषांत केला होता, तसंच 1937 चा 'कुंकू' हिंदीत 'दुनिया ना माने', आणि ऑनलाइन मागवताना विकणारे फोटो एकाचा लावतात आणि पाठवतात दुसराच. इथे डिस्क विकण्याआधी लावून दाखवतात. एक जुना चौदा इंची टीव्ही आहे, त्यावर सुरुवात, मधला भाग आणि शेवट असं तीन ठिकाणी चालवतात, मग डिस्क उजेडात तिरकी धरून चमकत्या बाजूपेक्षा छापील बाजू जास्त वेळ बघतात. व्हीसीडीचा डेटा छापील बाजूच्या लगेच खाली असतो, तिथे ओरखडा गेला तर ती डिस्क गेली, खालच्या बाजूचे बारीक ओरखडे बऱ्याचदा चालून जातात. डीव्हीडीत तो थर दोन प्लास्टिकच्या मध्ये असतो म्हणून ती जरा जास्त टिकते. आणि पुसायची ती मधून बाहेर सरळ रेषेत, गोल गोल नाही.

एकाच पिक्चरच्या चार कंपन्यांच्या डिस्क कशा असतात हा प्रश्न मलाही पडायचा. आपल्या कायद्याप्रमाणे सिनेमाचा कॉपीराइट 60 वर्षं चालतो, त्यामुळे 1930-40 च्या दशकातले पिक्चर कोणीही काढू शकतो आणि ज्याच्या हाती जशी प्रिंट लागली तशी त्याने काढली. 2007 मध्ये मोझर बेअर कंपनीने 28 रुपयांना व्हीसीडी आणि 34 रुपयांना डीव्हीडी बाजारात आणली तेव्हा तर घराघरात ढीग झाले, आणि आज काकांकडे जो माल येतो तो बराचसा त्याच ढिगातला, कोणाचं घर रिडेव्हलपमेंटला गेलं की रद्दीवाल्याच्या आधी काकांना फोन जातो. तीन पिक्चर एका डीव्हीडीत कोंबलेले असतात ते घेऊ नका असं ते स्वतः सांगतात, एका डिस्कमध्ये 4.7 किंवा 8.5 जीबीच जागा, त्यात तीन पिक्चर म्हणजे अंधारातल्या सीनमध्ये नुसते ठोकळे दिसतात. सत्तरच्या दशकातल्या रंगीत पिक्चरच्या प्रिंटा गुलाबी पडतात तेही चिठ्ठीवर 'रंग उडालेला' असं लिहिलेलं असतं.

किमती सांगते. साधी व्हीसीडी शंभर-दीडशे, डीव्हीडी दोनशेच्या आसपास, आणि दुर्मिळ असेल तर पाचशेपर्यंत. भाव करत नाहीत आणि मला ते पटतं, कारण तपासण्याचा जो वेळ जातो त्याचे पैसे नकोत का. कॉपी करून विकत नाहीत, पायरेटेड माल ठेवत नाहीत, कोणी पेन ड्राइव्ह घेऊन आलं तर नाही म्हणतात. कॅश न्या.

खटकलेल्या गोष्टीपण आहेत. फोनवर काही सांगत नाहीत, म्हणजे बोरिवली-डोंबिवलीवरून येणाऱ्याने नशिबावर यायचं, माझ्या मते आहे नाही एवढं तरी सांगायला हवं. यादी नाही, कुठे काय आहे ते फक्त त्यांच्या डोक्यात. याची मला खरंच काळजी वाटते, त्या चिठ्ठ्यांवरची माहिती कोणीतरी वहीत उतरवून ठेवायला पाहिजे, मी तसं सांगितलंय आणि बसून लिहून द्यायची माझी तयारी आहे. 2003 मध्ये पुण्याला नायट्रेट फिल्मच्या (जुनी, पटकन पेट घेणारी फिल्म) गोदामाला आग लागली त्यात प्रभातचीही रिळं गेली, आणि त्यानंतर कुठल्या पिक्चरची किती लांबीची प्रिंट लोकांच्या घरात शिल्लक आहे ही माहिती साधी राहिलेली नाही. कोणाकडे दूरदर्शनवरून टेप केलेला पिक्चर बाजारातल्या डिस्कपेक्षा जास्त पूर्ण असू शकतो, पण तो कोणाकडे आहे हे माहीत तर पाहिजे.

परदेशी डिस्कबद्दल काकांना फारसं माहीत नाही आणि ते तसं सरळ सांगतात. तर ते मी लिहिते. डिस्क जगाच्या कुठल्या भागात चालेल त्याला रीजन म्हणतात, आपण डीव्हीडीसाठी रीजन 5 आणि ब्लू-रेसाठी रीजन सी मध्ये येतो. अमेरिकेची डीव्हीडी रीजन 1 आणि ब्लू-रे रीजन ए, त्यामुळे सत्यजित राय यांच्या अपू त्रयीचा क्रायटेरियन या अमेरिकन कंपनीचा ब्लू-रे सेट आपल्या साध्या प्लेअरवर चालत नाही, आणि तो बघायलाच हवा, कारण त्या पिक्चरांच्या निगेटिव्ह 1993 मध्ये लंडनच्या लॅबच्या आगीत जळाल्या होत्या आणि त्या जळक्या निगेटिव्हवरून जेवढं वाचवता आलं तेवढं वाचवून तो बनवलाय. डीव्हीडी प्लेअर बऱ्याचदा रिमोटवरच्या कोडने रीजन-फ्री होतो, ब्लू-रेचा मात्र आधीच तसा करून घेतलेलाच विकत घ्यावा लागतो. 4के डिस्कला रीजनची भानगड नाही.

आणि प्लेअरच नसेल तर लॅपटॉपला यूएसबीने जोडायचा डीव्हीडी ड्राइव्ह घ्या, लॅमिंग्टन रोडला सहज मिळतो. लॅपटॉपवर व्हीएलसी हा व्हिडिओ प्लेअर टाका, व्हीसीडी आपोआप नाही लागली तर एमपीइजीएव्ही नावाच्या फोल्डरमधली डॅट फाईल उघडा. डीव्हीडीत हलताना कंगव्यासारख्या रेघा दिसल्या तर व्हीएलसीमधलं डीइंटरलेस नावाचं सेटिंग चालू करा. टीव्हीवर बघत असाल तर पिक्चर साईज 4:3 करा, बाजूला काळे पट्टे येतील, येऊ द्या. घाईघाईत नवीन ब्लू-रे प्लेअर घेऊ नका, काही मॉडेलवर व्हीसीडी चालतच नाही, दुकानात एक व्हीसीडी घेऊन जा आणि लावून बघूनच पैसे द्या.

मी आईसाठी राजा परांजप्यांचा 1960 चा 'जगाच्या पाठीवर' इथूनच घेतला. दोन प्रिंटा होत्या, काकांनी स्वस्तातली बाजूला सारली आणि म्हणाले ही नका घेऊ, हिच्यात आवाज मागे पडतो. दुसरी थोडी महाग होती, चिठ्ठीवर 'गाणी सर्व' लिहिलेलं. आईने पूर्ण बघितली, प्रत्येक गाण्याला गदिमांचे शब्द तिला आधीच पाठ होते आणि एकही कमी पडलं नाही.

सोमवारी बंद. संध्याकाळी पाचनंतर गर्दी असते आणि तेव्हा ते डिस्क लावून दाखवायला वेळ देऊ शकत नाहीत, म्हणून दुपारी बारा ते तीनमध्ये जा. मागणी लिहायची एक वही आहे, त्यात पिक्चरचं नाव, वर्ष आणि भाषा तिन्ही लिहा, नुसतं नाव लिहू नका. आणि घरात जुन्या टेपा असतील तर फेकण्याआधी त्यांना दाखवा.