याहू मेल, 2012 ते 2017: एका जुन्या खातेदाराचे परीक्षण

माझे याहू मेलचे खाते 2001 सालचे आहे. सांगलीत कॉलेजला असताना सायबर कॅफेत तासावर पैसे मोजून ते उघडले आणि अमेरिकेला गेलेल्या मावसभावाचे पहिले पत्र त्याच पत्त्यावर आले. 2004 मध्ये जीमेलच्या धसक्याने याहूने मोफत जागा वाढवून 100 एमबी केली, तेव्हा आमच्या मित्रमंडळात त्याची दोन दिवस चर्चा चालली होती. एवढ्या जुन्या सेवेविषयी लिहिताना बटणे कुठे आहेत आणि शोध किती वेगाने चालतो एवढेच सांगून थांबणे मला पटत नाही. विशेषतः मारिसा मायर मुख्य कार्यकारी अधिकारी असतानाच्या पाच वर्षांत या सेवेचे जे झाले, ते कंपनीच्या आत कर्मचाऱ्यांच्या वाट्याला काय आले हे पाहिल्याशिवाय समजत नाही. म्हणून हे परीक्षण त्या काळातील सेवेचे आहे आणि ती चालवणाऱ्या माणसांचेही आहे.

मायर जुलै 2012 मध्ये आल्या तेव्हा याहूचे कर्मचारी थकलेले होते. आधीच्या वर्षभरात तेव्हाच्या प्रमुख कॅरोल बार्ट्झ यांना फोनवरून पदमुक्त करण्यात आले होते. त्यांच्यानंतर आलेल्या स्कॉट थॉम्पसन यांनी सुमारे 2,000 लोकांची कपात जाहीर केली आणि बायोडेटातील चुकीच्या पदवीवरून चारच महिन्यांत त्यांनाही जावे लागले. अशा घरात गूगलच्या अगदी सुरुवातीच्या अभियंत्यांपैकी एक असलेली, उत्पादन स्वतः समजणारी 37 वर्षांची व्यक्ती प्रमुख म्हणून येते, ही सनीव्हेलमधील, म्हणजे याहूच्या मुख्यालयातील, लोकांना खरीखुरी आशेची गोष्ट वाटली. सुरुवातही चांगली झाली. जेवण मोफत झाले, जुन्या ब्लॅकबेरीच्या जागी नवे स्मार्टफोन मिळाले, कामातले सरकारी थाटाचे अडथळे कळवण्यासाठी वेगळी व्यवस्था उभी राहिली आणि दर शुक्रवारी सर्वांसमोर प्रश्नोत्तरांची बैठक होऊ लागली. ज्या कंपनीत वर काय चालले आहे हे लोकांना वर्तमानपत्रांतून कळत होते, तिथे प्रमुखाने आठवड्याला समोर उभे राहून उत्तरे देणे हा फार मोठा बदल होता आणि त्याचे श्रेय मायर यांना द्यायलाच हवे.

मग तिमाही मूल्यमापन आले. प्रत्येक तिमाहीत मॅनेजरने आपल्या माणसांना पाच श्रेणींत बसवायचे आणि ठरावीक टक्के लोकांना खालच्या श्रेणींत टाकायचेच, अशी ती पद्धत होती. आपल्याकडे आयटीत ज्याला सरसकट ‘बेल कर्व्ह’ म्हणतात, तेच हे. आठ जणांच्या गटातील आठही जणांनी मन लावून काम केले असले, तरी कोणाच्या तरी कपाळावर कमी श्रेणीचा शिक्का बसायचा. याचा परिणाम सेवेवर थेट होतो, कारण चांगले अभियंते दुसऱ्या चांगल्या अभियंत्यांसोबत एका गटात जाणे टाळू लागतात. वरची श्रेणी मोजक्यांनाच मिळणार असेल, तर तुल्यबळ सहकारी हा आधार न राहता अडचण ठरतो. फेब्रुवारी 2013 मध्ये मनुष्यबळ विभागाच्या पत्राने घरून काम करणेही बंद केले. मायर यांनी स्वतःच्या खर्चाने कार्यालयाशेजारी बाळासाठी खोली करून घेतल्याची बातमी त्याच सुमारास आल्याने अनेक पालक कर्मचाऱ्यांना तो निर्णय अधिकच लागला. एप्रिलमध्ये त्यांनी मातृत्वाची रजा वाढवून 16 आठवडे केली हेही खरे आहे, पण रोजच्या रोज मुलाला पाळणाघरातून वेळेवर आणण्याची ओढाताण त्या रजेने मिटत नव्हती.

नोव्हेंबर 2013 मधली एक बैठक मला विसरता येत नाही, जरी मी तिच्याविषयी फक्त वाचले आहे. या मूल्यमापनाविषयी कर्मचाऱ्यांनी निनावी प्रश्न पाठवले होते. लोक सोडून चालले होते, मॅनेजर वैतागले होते आणि आपल्यावर अन्याय होत आहे असे अनेकांना मनापासून वाटत होते. त्या बैठकीत मायर यांनी लहान मुलांसाठीचे एक चित्रमय पुस्तक उघडले आणि हातातले नाणे कशावर खर्च करावे या विचारात पडलेल्या मुलाची गोष्ट मोठ्याने वाचून दाखवली. त्यामागे त्यांचा काही हेतू असणार, परंतु आपली नोकरी राहील की जाईल या चिंतेत बसलेल्या माणसांना त्याचा अर्थ लागला नाही आणि ज्या प्रश्नासाठी ते आले होते त्याचे समाधान होईल असे उत्तर त्यांना मिळाले नाही. योगायोग असा की त्याच महिन्यात मायक्रोसॉफ्टने आपल्याकडची अशीच सक्तीची क्रमवारी बंद केली. ही पद्धत माणसांना एकमेकांविरुद्ध उभी करते हे उघड झाले होते. याहूने मात्र ती पुढेही चालू ठेवली.

मी हे इतक्या पोटतिडकीने लिहितो त्याला कारण आहे. पुण्यात मी ज्या कंपनीत नऊ वर्षे होतो, तिथेही नवे प्रमुख कंपनी सावरायला आले होते. पहिल्या सभेत त्यांनी प्रश्नांच्या चिठ्ठ्या मागवल्या. आमच्या टीमने रात्री बसून, शब्द तोलून एकच प्रश्न लिहिला: दोन प्रकल्प बंद होणार अशी चर्चा आहे, त्यांवरच्या माणसांना दुसरीकडे घेणार का? सभेत बाजारपेठेच्या आकाराच्या स्लाइड दाखवल्या गेल्या आणि चिठ्ठ्यांचा डबा टेबलावर तसाच राहिला. त्यानंतर तीन महिन्यांत आमच्या टीमलीडने राजीनामा दिला. ती आमच्यातली सर्वांत जाणती होती, आणि तिच्या जाण्याने ग्राहकाच्या सिस्टिममधल्या कितीतरी खाचाखोचा कायमच्या विस्मृतीत गेल्या. पगार कमी मिळाला तर माणूस कुरकुरतो, पण आपल्या प्रश्नाची दखलच घेतली जात नाही हे कळले की तो कामात जीव ओतणे थांबवतो, हे मी डोळ्यांनी पाहिले आहे.

आता मेलकडे वळतो. अमेरिकन माध्यमांतील वृत्तांतानुसार, 2012 च्या अखेरीस मेलचे नवे रूप जवळपास तयार असताना निळ्या-करड्या रंगसंगतीऐवजी जांभळी-पिवळी करण्याचा आदेश मायर यांच्याकडून आला, आणि महिनोन्‌महिने खपलेल्या गटाला हजारो ठिकाणचे रंग बदलत बसावे लागले. सप्टेंबर 2013 मध्ये कंपनीचे नवे बोधचिन्ह आले. त्यासाठी आपण एक शनिवार-रविवार डिझाइनरांसोबत बसून रेषांचे कोन ठरवले, असे मायर यांनी स्वतःच लिहिले होते. प्रमुखाला बारकाव्यांची आवड असणे वाईट नाही. पण त्याच वेळी मेलचा पाया डळमळत होता आणि आतले लोक ते जाणत होते, म्हणून हा प्रकार मला जखम मांडीला आणि मलम शेंडीला असा वाटतो.

ऑक्टोबर 2013 मध्ये मेलच्या सोळाव्या वाढदिवशी आणखी एक नवे रूप आले. त्यात 1 टीबी जागा मोफत मिळाली आणि आधी पैसे मोजून घ्यावी लागणारी तात्पुरत्या पत्त्यांची सोय सर्वांना खुली झाली. ही सोय मी आजही वाखाणतो, कारण कुठल्याही दुकानाला किंवा संकेतस्थळाला खरा पत्ता न देता काम भागते. परंतु एकाच वेळी अनेक पत्रे उघडी ठेवण्याची टॅबची सुविधा काढून टाकली गेली, जिच्यावर हजारो लोकांचे रोजचे काम चालत होते. वापरकर्त्यांनी सह्यांचे अर्ज केले, तरी ती लगेच परत आली नाही.

नोव्हेंबरमध्ये फुटलेल्या एका अंतर्गत पत्रामुळे तर मेलची खरी अवस्था जगाला कळली. कर्मचाऱ्यांनी कार्यालयीन कामासाठी मायक्रोसॉफ्टचे आउटलुक हे मेल सॉफ्टवेअर सोडून याहू मेलवर यावे, असा आग्रह त्या पत्रात होता, कारण तोवर फक्त 25 टक्के लोकच आले होते. ज्यांनी सेवा बांधली आणि जे तिच्या शेजारच्या इमारतीत बसतात, त्यांच्यातील तीन चतुर्थांश लोक ती स्वतः वापरत नाहीत, याहून स्पष्ट परीक्षण दुसरे कोणते असणार? त्यानंतर काही आठवड्यांतच, 9 डिसेंबर रोजी, साठवणुकीच्या यंत्रणेतील बिघाडामुळे सुमारे 1 टक्का वापरकर्त्यांची खाती अनेक दिवस बंद राहिली. मायर यांनी जाहीर माफी मागितली. एक टक्का हा आकडा छोटा वाटतो, पण याहूच्या आकारमानात तो लाखो माणसांचा होता.

सर्वांत गंभीर भाग सुरक्षेचा. याहूच्या सुरक्षा विभागातील लोकांना कंपनीत ‘पॅरानॉइड्स’ (सतत संशयाने पाहणारे) म्हणत, आणि 2014 मध्ये त्यांचे प्रमुख म्हणून आलेले अ‍ॅलेक्स स्टेमॉस हे आपल्या क्षेत्रात मान असलेले गृहस्थ होते. न्यूयॉर्क टाइम्सने सप्टेंबर 2016 मध्ये दिलेल्या वृत्तानुसार, या विभागाच्या मागण्या खर्चाच्या कारणावरून मागे पडत राहिल्या, आणि घुसखोरीनंतर सर्वांचे पासवर्ड सक्तीने बदलायला लावण्याची सूचना, वापरकर्ते कंटाळून निघून जातील या भीतीने, नाकारली गेली. रॉयटर्सने पुढच्याच महिन्यात लिहिले की, अमेरिकी सरकारच्या मागणीवरून येणारी सगळी पत्रे तपासणारी प्रणाली 2015 मध्ये सुरक्षा विभागाला न विचारता बसवण्यात आली. ती त्या विभागाच्याच नजरेस पडली तेव्हा त्यांना आधी ती बाहेरच्या चोरांची करामत वाटली. हे वृत्त दिशाभूल करणारे आहे असे याहूने म्हटले. स्टेमॉस मात्र जून 2015 मध्येच कंपनी सोडून फेसबुकला गेले होते. ज्याला घराची राखण करायला ठेवले त्यालाच न सांगता मागच्या दाराची चावी दुसऱ्याला द्यावी, आणि त्याने मन लावून पहारा करावा अशी अपेक्षाही ठेवावी, हे मला कोणत्याही बाजूने समर्थनीय वाटत नाही.

पुढचे सगळ्यांना ठाऊक आहे. 2014 मधील चोरीत 50 कोटी खात्यांची माहिती गेल्याचे सप्टेंबर 2016 मध्ये जाहीर झाले. 2013 मधील दुसऱ्या चोरीचा आकडा आधी 100 कोटी सांगितला गेला आणि ऑक्टोबर 2017 मध्ये तो सर्वच्या सर्व, म्हणजे 300 कोटी खाती इतका निघाला. त्यात माझे 2001 सालचे खातेही आलेच. पहिली बातमी फुटल्यावर अनेकांनी आपली पत्रे दुसऱ्या पत्त्याकडे वळवून निघून जायचे ठरवले, तर नेमकी तीच सोय नव्याने सुरू करणे काही दिवस बंद होते.

मायर यांच्या बाजूचे म्हणणेही नोंदवायला हवे. त्यांच्या हाती आलेली कंपनी जाहिरातींच्या धंद्यात गूगल आणि फेसबुकच्या फार मागे पडलेली होती, आणि तिच्या बाजारमूल्याचा मोठा भाग अलिबाबा या चिनी ऑनलाइन व्यापार कंपनीतील हिश्शातून येत होता. त्यांनी मोबाइलकडे लक्ष वळवले, तेही आवश्यकच होते. कदाचित कोणालाही हे जहाज किनाऱ्याला लावता आले नसते. पण पैसा नव्हता असे म्हणता येत नाही. टम्बलर हे ब्लॉगिंगचे संकेतस्थळ 110 कोटी डॉलरला घेतले गेले. त्यांनीच आणलेले मुख्य परिचालन अधिकारी हेन्रिक दे कास्त्रो यांना 15 महिन्यांत काढताना सुमारे 5.8 कोटी डॉलर देण्यात आले. दुसरीकडे ऑक्टोबर 2014 मध्ये बेंगळुरूच्या केंद्रातील शेकडो अभियंत्यांना जावे लागले, ज्यांच्यात आपल्याकडची मुलेही असणार. फेब्रुवारी 2016 मध्ये आणखी 15 टक्के कपात जाहीर झाली. तळाच्या माणसाचे मोजमाप दर तीन महिन्यांनी आणि वरच्या चुकीची भरपाई कोटींत, हे समोर दिसत असताना कर्मचाऱ्यांनी संयम दाखवावा अशी अपेक्षा कशाच्या बळावर करायची?

जून 2017 मध्ये व्हेरायझन या अमेरिकन दूरसंचार कंपनीने 448 कोटी डॉलरला याहूचा मुख्य व्यवसाय घेतला. ठरलेली किंमत 483 कोटी होती आणि डेटाचोरीमुळे ती 35 कोटींनी उतरली. मायर यांनी त्या वर्षीचा बोनस सोडला आणि तो कर्मचाऱ्यांत वाटावा अशी इच्छा व्यक्त केली. मला ही कृती प्रामाणिक वाटते, पण ती पाच वर्षे उशिरा आली.

पाचपैकी गुण द्यायचे तर त्या काळातील याहू मेलच्या उपयोगितेला मी तीन देतो, सुरक्षेला शून्य, आणि ज्या अभियंत्यांनी अशा वातावरणातही डिसेंबर 2013 मध्ये दिवसरात्र बसून लोकांची पत्रे परत मिळवून दिली, त्यांच्या कामाला पूर्ण पाच. माझे खाते मी बंद केलेले नाही. पासवर्ड बदलला आहे, दुहेरी पडताळणी चालू केली आहे आणि बँक, आयकर व आधार यांच्याशी जोडलेला पत्ता दुसरीकडे हलवला आहे. ज्यांचे जुने खाते अजून तसेच पडून आहे, त्यांनी हेच करावे, आणि तोच जुना पासवर्ड आणखी कुठे वापरला असेल तर आधी तिथला बदलावा.