ब्राउझरमध्येच उपग्रहचित्रांवर गणित करायचं तर: लीफलेट, मॅपलिब्रे की ओपनलेअर्स?

उजनी धरणाचा फुगवटा (मागे साठलेलं पाणी) उन्हाळ्यात किती मागे सरकला हे काठच्या गावातल्या माणसाला वेबपानावर पाहता यावं, आणि त्यासाठी कुणाला सर्व्हर सांभाळत बसावं लागू नये, एवढ्या गरजेतून मी वेबपानावर नकाशा दाखवणाऱ्या या तिन्ही जावास्क्रिप्ट लायब्ररी वापरून पाहिल्या. तुमचं काम पिकांचं असेल, वणव्याचं असेल किंवा खारफुटीचं असेल, तरी निवड बहुधा याच तिघांतून करावी लागेल.

एक गोष्ट आधी बाजूला करू. युरोपच्या सेंटिनेल-२ उपग्रहांची चित्रं क्लाउड ऑप्टिमाइझ्ड जिओटिफ, म्हणजे सीओजी स्वरूपात मोफत मिळतात. एक पिक्सेल १० मीटरचा असलेल्या एका बँडची (प्रकाशाच्या एका पट्ट्याची) फाइल १०,९८० गुणिले १०,९८० पिक्सेलची असते. न दाबता ठेवली तर सुमारे २४० एमबी. ब्राउझर तिच्या सुरुवातीची सूची वाचतो आणि हवे तेवढेच तुकडे मागवतो. हे वाचन तिन्हीकडे शेवटी जिओटिफ.जेएस हीच लायब्ररी करते. त्यामुळे 'कोण लवकर उघडतं' यावर फार वेळ घालवू नये असं मला वाटतं. खरा फरक पडतो तो आकडे हातात आल्यानंतर.

मॅपलिब्रेचं नकाशाचं रूप तिघांत सर्वांत देखणं. रस्ते, गावांची नावं, झूम करतानाची सहजता, सगळं उत्तम. २०२० च्या अखेरीस मॅपबॉक्सने परवाना बदलल्यावर हा मुक्त फाटा निघाला आणि तो चांगला वाढला आहे. पण त्याचा जीव व्हेक्टर नकाशात, म्हणजे रेषा-आकृत्यांनी काढलेल्या नकाशात आहे. सीओजी वाचायला प्लगइन लागतं आणि ती फाइल वेब मर्केटरमध्ये, म्हणजे वेबनकाशांच्या नेहमीच्या प्रोजेक्शनमध्ये (गोल पृथ्वी सपाट मांडण्याच्या पद्धतीत) असावी लागते. सेंटिनेलची मूळ फाइल असते यूटीएम या दुसऱ्या, पृथ्वीचे उभे झोन पाडणाऱ्या प्रोजेक्शनमध्ये. म्हणजे प्रत्येक तारखेचं चित्र आधी कुठेतरी रूपांतरित करून ठेवा, आणि मग ब्राउझरमध्ये काम करा. रंगवून तयार झालेलं चित्र फक्त दाखवायचं असेल तर मी आजही मॅपलिब्रेच घेईन. कच्च्या बँडवर काम करायचं असेल तर हा वळसा नकोसा होतो.

लीफलेटची गोष्ट वेगळी. 'जिओरास्टर लेयर' हे प्लगइन जोडलं की यूटीएमचं चित्र जसंच्या तसं टाकता येतं आणि प्रत्येक पिक्सेलला कोणता रंग द्यायचा ते साध्या जावास्क्रिप्ट फंक्शनमध्ये लिहिता येतं. नवख्याला इतकं समजण्याजोगं दुसरं काही नाही. वेबजीएल (ब्राउझरला ग्राफिक्स कार्ड वापरू देणारी सोय) नसलेल्या जुन्या मशीनवरही ते चालतं. मी सुरुवात इथूनच केली, आणि थांबलोही असतो, पाण्याची सीमा बोटाने सरकवून पाहणाऱ्या स्लायडरची गरज नसती तर.

आता स्लायडरबद्दल जरा सविस्तर, कारण माझा निर्णय त्यानेच केला. पाणी ओळखण्याचं एनडीडब्ल्यूआय हे सूत्र सोपं आहे: हिरव्या बँडमधून जवळचा अवरक्त बँड वजा करायचा आणि दोघांच्या बेरजेने भागायचं. सेंटिनेलमध्ये ते बँड ३ आणि ८, दोन्ही १० मीटरचे. उत्तर शून्याच्या वर आलं तर पाणी, असं पुस्तकात असतं. उजनीत तसं होत नाही. भिगवणच्या बाजूला पाणी उथळ, कुठे शेवाळाने हिरवं, कुठे जलपर्णीने झाकलेलं. पाणी उतरलं की काठाला ओला गाळ उघडा पडतो, आणि त्यावर गाळपेर सुरू झाली की पुन्हा निराळी छटा. शून्याची रेघ कधी जलपर्णीखालचं पाणी गाळून टाकते, कधी ओल्या गाळालाच पाणी ठरवते. थ्रेशोल्ड, म्हणजे ज्याच्या वर पाणी मानायचं तो आकडा, प्रत्येक तारखेला डोळ्यांनी ठरवावा लागतो: थोडा वर, थोडा खाली, ओळखीच्या काठाशी जुळेपर्यंत. पळसदेवचं देऊळ उघडं पडलेलं ज्याने पाहिलंय, तो त्या दिवशी पाणी कुठवर होतं ते कुठल्याही सूत्रापेक्षा नेमकं सांगतो. त्याच्या हातात स्लायडर द्यायचा, हाच माझा सगळा खटाटोप.

लीफलेटच्या प्लगइनमध्ये रंग बदलण्याची सोय आहे. पण स्लायडर हलला की पडद्यावरचा प्रत्येक पिक्सेल पुन्हा त्या जावास्क्रिप्ट फंक्शनमधून जातो. माझ्या साध्या लॅपटॉपवर बोट पुढे आणि चित्र मागे, असं व्हायचं. फोनवर त्याहून जास्त. नुसता उशीर असता तर चाललं असतं. पण काठ डोळ्यांनी जुळवताना चित्र बोटाबरोबर हललं नाही, तर आधीची रेघ कुठे होती हेच ध्यानात राहत नाही. तुमच्याकडचं मशीन चांगलं असेल तर हा त्रास कदाचित जाणवणारही नाही.

ओपनलेअर्समध्ये हेच गणित ग्राफिक्स कार्डावर होतं. थ्रेशोल्ड हे थराच्या शैलीतलं (रंग ठरवणाऱ्या नियमांतलं) एक चल म्हणून ठेवायचं आणि स्लायडर हलला की तेवढं चल बदलायचं. आकडे आधीच कार्डावर असतात, त्यामुळे काठ बोटाबरोबर सरकतो. हे पाहिल्यावर मी परत वळलो नाही.

त्याचे कष्ट आहेत. सूत्र नेहमीच्या फंक्शनसारखं न लिहिता एकात एक कंसांच्या याद्यांमध्ये लिहावं लागतं. डोळ्याला सवय व्हायला वेळ लागतो. आकडे आपोआप ० ते १ मध्ये बसवण्याची सोय सुरुवातीपासून चालू असते, ती बंद करा, नाहीतर गुणोत्तर बिघडतं. पिक्सेल गुळगुळीत करण्याची सोयही बंद ठेवा, म्हणजे काठाचे खरे चौकोन दिसतील. आणखी एक सावधगिरी, जी तिन्ही पर्यायांना लागू आहे: २५ जानेवारी २०२२ पासून सेंटिनेलच्या आकड्यांत १,००० मिळवलेले असतात. काही ठिकाणी ते आधीच वजा करून मिळतात, काही ठिकाणी नाही. जुन्या आणि नव्या उन्हाळ्याची तुलना करण्यापूर्वी हे तपासाच.

प्रोजेक्शनच्या बाबतीतही ओपनलेअर्स उजवं वाटलं. नकाशाच यूटीएम ४३ मध्ये उघडता येतो. उजनी धरण ७५ अंश पूर्व रेखांशाला जवळपास लागून, म्हणजे या झोनच्या मध्यरेषेवरच आहे, त्यामुळे क्षेत्रफळात जवळजवळ फरक पडत नाही. वेब मर्केटरच्या चौकोनांवरून तेच मोजलं तर इथल्या अक्षांशावर पाणी साधारण १० ते ११ टक्के जास्त भरतं. त्याबदल्यात पाठीमागचा रस्त्यांचा नकाशा थोडा धूसर होतो, ते मी चालवून घेतो. ७८ अंशांच्या पूर्वेला, म्हणजे गोसीखुर्दसारख्या जलाशयासाठी, झोन ४४ लागेल. दोन्ही झोनची चित्रं वेगवेगळ्या थरांत टाकून एकत्रही दाखवता येतात.

क्षेत्रफळ मात्र पडद्यावरच्या चित्रावरून मोजू नका. झूम कमी असताना लहान केलेली प्रत दिसत असते आणि फुगवट्याची अरुंद बोटं तिच्यात गायब होतात. जिओटिफ.जेएसला तेवढी चौकट पूर्ण तपशिलात वाचायला सांगा आणि पिक्सेल मोजा. १०० पिक्सेलचं एक हेक्टर. आणि एखादी फाइल आधी कापून किंवा प्रोजेक्शन बदलून घ्यायची असेल, पण ऑफिसच्या मशीनवर काही इन्स्टॉल करू देत नसतील, तर जीडाल हे नकाशाच्या फाइली कापण्या-बदलण्याचं साधन वेबअसेम्ब्लीत, म्हणजे ब्राउझरला चालवता येईल अशा रूपात बांधलेलं मिळतं, ते ब्राउझरमध्ये चालतं. सुरू व्हायला जड आहे, पण तुमची फाइल मशीनबाहेर जात नाही.